मुलांचा रेडिओ: आकाशवाणी, सामुदायिक केंद्र, मोबाईल की शाळेतला भोंगा?

मागच्या पंधरवड्यात मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीवरून गुरुजींचा फोन आला. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, त्यातले दोन वर्ग पत्र्याचे. "पोरांचा रेडिओ काढायचाय. पोरांनीच करायचा, पोरांनीच ऐकायचा. आकाशवाणीला जाऊ, का सामुदायिक रेडिओवाल्यांना गाठू? का कपाटात आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर पडलाय, त्याच्यावरच भागवू?" रेंज येत-जात होती, बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो: अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ झटका, बाकीचं नंतर. पण त्या 'नंतर'मध्ये काय करायचं, हे ठरवायला चारही वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघायला हव्यात. मोबाईल ही चौथी. गुरुजींनी तिचं नाव काढलं नव्हतं, पण ती त्यांच्या खिशातच आहे.

कात्री कुणाच्या हातात?

काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीच्या मुलीने आपल्या आजीची मुलाखत घेतली. विषय 1972 चा दुष्काळ. आजी ओट्यावर, मुलगी पायरीवर, मोबाईल दोघींच्या मध्ये उलट्या पातेल्यावर. खडी फोडायची कामं, कामावर मिळणारी सुकडी, सगळं बोलून झालं. मग मुलीनं विचारलं, "आजी, मिलो म्हंजी काय असतंय?"

"लाल जवारी आसती बग, बाहीर देशातून आलेली. तिची भाकर थापू म्हणलं की फुटायची."

"मग काय करायच्या तुमी?"

आजी गप्प. मागे शेळी ओरडली, बांगड्या वाजल्या, कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. बरंच थांबून आजी म्हणाली, "लेकरं रडायची अन् आमी फुटकीच वाढायचो."

हे रेकॉर्डिंग आम्ही एका रेडिओ केंद्राला दिलं. तिथल्या माणसानं मनापासून काम केलं, शेळी काढली, बादली काढली. पण त्यासोबत ती मधली शांतताही गेली. कार्यक्रम ठरल्या मिनिटांत बसवायचा होता, आणि रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं असं वाटतं, हे त्याचं म्हणणं धंद्याच्या हिशेबानं बरोबरच. तीच मुलाखत शाळेतल्या भोंग्यावर लावताना कापायची का, असं मुलांना विचारलं. सहावीतला एक पोरगा म्हणाला, "आजी गप बसली तेच तर ऐकायचंय."

'मुलांसाठी' आणि 'मुलांनी केलेला' यातला फरक मला त्या दिवशी कळला. वाट निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: काय ठेवायचं, काय काढायचं, हे शेवटी कोण ठरवणार? ऐकणारे किती, हे त्याच्या खालचं.

आकाशवाणी

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथे आकाशवाणीची केंद्रं आहेत. बालसभेसारखे कार्यक्रम हा आकाशवाणीचा जुना रिवाज, आणि त्यात बोलून आलेली पन्नाशीची माणसं अजून ते अभिमानानं सांगतात. हा मान दुसऱ्या कुठल्या वाटेला नाही. पोराचं नाव आकाशवाणीवर आलं की बाप औत थांबवून ऐकतो, सरपंच सत्कार ठेवतो, शाळेकडे बघायची गावाची नजर बदलते.

पण स्वरूप बघा. वर्षातून एखादी संधी, सहा-आठ मुलं, वाहनाचा खर्च, पालकांची संमती, आणि स्टुडिओत शिरल्यावर थिजलेली तोंडं. संहिता बहुतेक वेळा गुरुजींचीच असते. बोलीचं तर विचारू नका. आमच्या एका मुलाला "काय करायलास?" हे वाक्य "काय करतो आहेस?" असं तीनदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा तो नुसताच बघत राहिला.

ऐकण्याचीही अडचण आहे. मध्यम लहरी लांबवर जातात, पण त्या पकडणारा संच आता कुणाच्या घरात आहे? एफएम मोबाईलवर ऐकायचं तर त्यात एफएमची सोय हवी आणि वायरचा हेडफोन खुपसायला हवा, कारण ती वायरच अँटेना असते. नव्या कित्येक फोनना हेडफोनचं भोकच नाही. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर हे अ‍ॅप आहे, पण त्याला नेट लागतं.

रेडिओचं शिक्षणातलं बळ मात्र मी नाकारत नाही. 2020 च्या टाळेबंदीत नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या साथीनं. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथे तेव्हा असाच आधार होता. पण तो मुलांपर्यंत शाळा नेण्याचा प्रयत्न होता. गुरुजींना मुलांच्या हातात माईक द्यायचाय. दोन्ही चांगलं, पण एक नव्हे.

आकाशवाणीकडे जायचंच तर निमित्त धरून जा. 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, 30 सप्टेंबरची किल्लारीच्या भूकंपाची आठवण, अशा दिवसांना गावातला मजकूर केंद्रालाही हवा असतो. नियोजन बरंच आधी होतं, म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र निदान तीन महिने अगोदर द्या, आणि सोबत मुलांनी केलेला एखादा नमुना.

सामुदायिक रेडिओ

म्हणजे एखादी संस्था किंवा कॉलेज आपल्या भागापुरतं चालवतं ते छोटं एफएम केंद्र. ही वाट मला सगळ्यात आवडते, आणि बहुतेकांना उपलब्ध नसते ती हीच. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही परवान्याचं दार उघडलं. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक आणि लोकांच्या सहभागानं केलेले असावेत, हा नियमच आहे. म्हणजे मुलांचा कार्यक्रम घेऊन गेलात तर तुम्ही उपकार मागायला आलेले नसता, त्यांची गरज भागवायला आलेले असता. बोलीला नाक मुरडत नाहीत, वेळही दर आठवड्याची मिळू शकते.

लातूर-उदगीरकडच्या लोकांनी कधी जमलं तर तेलंगणातल्या झहिराबादजवळच्या माचनूरला जाऊन संघम रेडिओ बघून यावा. 2008 पासून तिथल्या दलित बायका तो चालवतात, आपल्या तेलुगू बोलीत. भाषा कळली नाही तरी माईकसमोर कसं बसायचं ते कळतं.

आडवी येते ती ताकद. या केंद्रांना साधारण 100 वॅटची मर्यादा असते, अँटेनाचा खांब जास्तीत जास्त 30 मीटरचा. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर ऐकू आलं तर नशीब, आणि एफएम नजरेच्या रेषेत चालतं, डोंगर मध्ये आला की संपलं. संभाजीनगरात एमजीएम या शिक्षणसंस्थेचं 90.8 वरचं केंद्र आहे, शहरातल्या नि लगतच्या शाळांनी त्याचा जरूर विचार करावा. बालाघाटातल्या वाडीला ते काय कामाचं?

"मग आपलंच केंद्र काढलं तर?" हा प्रश्न गुरुजींनी अजून विचारला नाही, पण विचारतील. संस्थेला निदान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, व्यक्तीला परवाना मिळत नाही, दिल्लीला फेऱ्या, यंत्रसामग्रीला काही लाख, आणि पुढे रोज तासन्तास काय वाजवायचं ही खरी डोकेदुखी. बातम्याही आपल्या मनानं देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात. हवामान, परीक्षा, पाणी-वीज, जत्रा अशी स्थानिक माहिती चालते. एका शाळेनं या फंदात पडू नये.

आणि ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर मागवून 'गावापुरतं' काही करू नका. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात राघव महतो या तरुणानं दुरुस्तीच्या दुकानातून घरगुती यंत्रावर असं केंद्र चालवलं होतं. गावोगावी लोक ऐकायचे. परवाना नाही म्हणून 2006 मध्ये ते बंद करावं लागलं. शाळेच्या नावावर ते झेंगट कशाला?

मोबाईल

इथे परवाना लागत नाही. गुरुजींचा फोन, त्यात आवाज कापायचं-जोडायचं एखादं फुकटचं अ‍ॅप, संपलं. एकाच चॅनेलवर (मोनो), 64 केबीपीएस या हलक्या दर्जाला साठवलं तर दहा मिनिटांचा कार्यक्रम पाच एमबीच्या आत बसतो, कमकुवत रेंजमध्येही व्हॉट्सअ‍ॅपवर निघतो. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, त्याला उपाय म्हणजे दोरीवर दोन वाकळा टांगा आणि त्यांच्या मध्ये पोराला बसवा. फोन तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. वारा असेल तर माईकच्या भोकावर पातळ रुमाल. शहरातला स्टुडिओ याहून फार वेगळं काही करत नाही.

मोबाईल सगळ्यांना मागे टाकतो तो ऊसतोडीच्या हंगामात. दिवाळीनंतर बीड-धाराशिवच्या वाड्या अर्ध्या रिकाम्या होतात. हंगामी वसतिगृहात न राहिलेली पोरं आई-बापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत. तिथे ना आपली आकाशवाणी, ना शाळेचा भोंगा. रात्री गाडी खाली झाल्यावर बापाच्या फोनवर वर्गातल्या पोरांचे आवाज ऐकू आले तर त्या पोराचं नाव हजेरीपटाबाहेरही कुठेतरी शिल्लक राहतं. आणि ते पोरगं फडातून आपला आवाज परत पाठवू शकतं. आमच्याकडे एकानं पाठवलं होतं: कोयत्याला धार लावतानाचा आवाज, मग नुसतं "ओळखा काय हाय". वर्ग पाच मिनिटं भांडला.

साधे फोन असलेल्यांसाठी मिस्ड कॉल देऊन ऐकायची पद्धत आहे: मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, त्यावर कार्यक्रम ऐकायचा. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर ही गावकऱ्यांची फोनवरची बातम्यांची सेवा 2010 पासून तशा वाटेनं गेली. पण त्याचा महिन्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. एका शाळेला नको.

आता मोबाईलची काळी बाजू. ग्रुपमध्ये 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली कार्यक्रम गाडला जातो. कुणी पूर्ण ऐकला, कळत नाही. फोन बापाकडे, बाप रानात. आणि एकदा पुढे गेलेलं परत येत नाही. एखादी मुलगी बोलण्याच्या ओघात घरातलं काही सांगून जाते, बहिणीचं लग्न लवकर लावतायत, कुणी त्रास देतंय. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या 23 व्या कलमानुसार पीडित मुलाची ओळख उघड करणारं काहीही प्रसारित करता येत नाही, बालन्याय कायद्याचं 74 वं कलमही तेच बजावतं. असं काही कानावर आलं तर ते कार्यक्रमाचं साहित्य नव्हे. रेकॉर्डिंग थांबवा आणि 1098 या चाइल्डलाइनला फोन करा. पालकांची लेखी संमती सगळ्याच वाटांवर घ्या, पण मोबाईलवर तर तिच्याशिवाय एक सेकंदही बाहेर सोडू नका.

सिनेमातली गाणी टाळा, कार्यक्रम कुठे अपलोड केलात की हक्काची कटकट सुरू होते. आपल्याकडे काय कमी आहे? जनाबाई गंगाखेडच्या, नामदेव नरसीचे, नाथांची भारुडं पैठणची. घरातल्या म्हाताऱ्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, त्यांना फक्त कुणीतरी विचारायला हवं.

भोंगा

परिपाठानंतर सात मिनिटं. कुणी हसेल, हा कसला रेडिओ? कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटे गावात 'नम्म ध्वनी' या गावच्या केंद्रानं परवाना नव्हता तेव्हा केबलच्या तारेतून घराघरात कार्यक्रम पोहोचवले. त्याला सगळे रेडिओच म्हणत. रेडिओ तारेतून आला म्हणून तो कमी ठरत नाही.

भोंग्याला मी पहिला नंबर देतो त्याचं कारण खर्च नाही, जरी तो जवळजवळ शून्य आहे. बोलणाऱ्याला ऐकणारा समोर दिसतो, हे कारण. विनोद फसला की तिथल्या तिथे कळतं. लांबलं की तिसरीची पोरं मातीत रेघोट्या ओढायला लागतात, आणि उद्याचा कार्यक्रम आपोआप छोटा होतो. कुठल्याही प्रशिक्षकानं शिकवावं त्यापेक्षा हे संपादन पक्कं. शिवाय भोंग्यावर चुकीचं बोललेलं वाऱ्यावर जातं. शिकण्याच्या काळात चुका विसरल्या जाणं ही मोठी सोय आहे. लाजरी पोरं इथेच उघडतात.

मर्यादा उघड आहे, आवाज शाळेच्या भिंतीपलीकडे फारसा जात नाही. जावा असं वाटत असेल तर आधी रीतसर परवानगी काढा. वीज गेली की कार्यक्रम गेला, आणि आपल्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून पोरांना कार्यक्रम तोंडी करायची सवय हवी.

आता गुरुजी, तुमच्या शाळेपुरतं. पहिले काही आठवडे फक्त भोंगा, आठवड्यातून दोनदा. चार-चार जणांच्या टोळ्या करा: एक विचारणारा, एक रेकॉर्ड करणारा, एक कापणारा, एक गावात फिरून विषय आणणारा. दर महिन्याला कामं बदला, नाहीतर हुशार मुलगीच कायम निवेदिका होते आणि बाकीचे वायर धरून उभे राहतात. कापणाऱ्याच्या मागे उभे राहू नका, हे तुम्हाला जड जाईल. दिवाळीच्या आत त्यातले बरे कार्यक्रम मोबाईलवर घ्या, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांच्या घरचे नंबर गाड्या हलण्यापूर्वीच हाताशी असतील. पुढच्या जूनमध्ये, तोवर पोरांची जीभ मोकळी झालेली असेल, तेव्हा 17 सप्टेंबरसाठी आकाशवाणीला पत्र टाका.

तुमची बदली झाली तर काय, हेही आत्ताच बघा. आकाशवाणीची ओळख तुमच्याबरोबर जाईल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिनही तुम्हीच. अ‍ॅम्प्लिफायर शाळेचा आहे. पाचवी-सहावीच्या दोघा-तिघांना तो जोडता-सोडता आला पाहिजे. आणि सोमवारी पोरांना गोळा करण्याआधी एकदा त्याचा फ्यूज तपासून घ्या, पंधरा ऑगस्टनंतर तो कुणी लावलेला नसणार.