मुरलेली गिटार घ्यावी की कोरी?

मालवणात राहून इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटली की गाडं बहुधा इथेच अडतं: दुकानातली कोरी, की कुणी दहा-पंधरा वर्षं वाजवलेली? माझ्याकडे दोन्ही आहेत. दोन्ही फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या बाजाच्या, मेपल लाकडाच्या नेकच्या. (नेक म्हणजे तारा दाबायची लांब दांडी.)

आवाजाचं आधी उरकतो. वाजवून वाजवून लाकूड ‘खुलतं’ असं म्हणतात. इलेक्ट्रिकच्या बाबतीत तरी मला ते फारसं जाणवलेलं नाही. पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकी यंत्रणेला, कळतं ते तारेचं कंपन. जुनीवर नव्या तारा चढवल्या की तीही तितकीच झणझणीत बोलते, आणि खाऱ्या हवेत महिनाभरात दोघींच्या तारा काळवंडून आवाज बसतो.

खरा फरक हाताला कळतो, तोही मृग लागल्यावर. कोरीच्या नेकवर पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या रोगणाचा, जाड, चकचकीत थर आहे. जानेवारीत काही तक्रार नसते. पण पावसाळ्यात अंगठा नेकच्या पाठीला अक्षरशः चिकटतो. पाचव्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) बाराव्यावर सरकताना हात मध्येच अडतो आणि स्वर अलीकडेच पडतो. गणपतीतल्या एका कार्यक्रमात ऐन सोलोत हे झालं, ते अजून खुपतं. पावडर लावून पाहिली, तर घामात तिचा चिखल झाला.

जुनीच्या नेकमागे पहिल्या चार-पाच फ्रेटपर्यंत लॅकर, म्हणजे रोगण, पार झिजलंय. आत राखाडी पडलेलं लाकूड दिसतं. त्यावर बोट फिरवलं की आईच्या विळीचा पाट आठवतो, वर्षानुवर्षं बसून मऊ झालेला. भर आषाढातही हात त्यावरून कोरडा सरकतो. फ्रेटबोर्डच्या कडाही तळव्याला बोचत नाहीत.

मग कोरीही वाजवून अशीच होईल की! होईलही, पण वाट फार बघावी लागेल. जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ असतं, ते हाताने झिजतं. फेंडरने १९६८ च्या सुमारास पॉलीचा मार्ग धरला. तो थर टणक, त्यावर ओरखडे उठतात पण तो सहजी झिजत नाही. बारीक पॉलिशपेपर मारून चकाकी घालवता येते, फक्त त्यानंतर वॉरंटीची आशा धरू नये.

जुनीचं दुखणं म्हणजे फ्रेट. त्यांच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नसतेच; तांबं, निकेल, जस्त. पोलादी तारेखाली ते खचतं. व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे फिरवायच्या बटणाची, खरखर मात्र क्लीनरचा फवारा मारला की जाते, तिला घाबरू नका.

ज्याला पहिलीच गिटार घ्यायचीय, त्याला कोरी कदाचित सोपी पडेल. माझा हात मात्र पावसाळाभर जुनीकडेच जातो. तशी कुठे मिळाली तर दुसऱ्या-तिसऱ्या तारेखालचे पहिले तीन फ्रेट नखाने तपासा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर फ्रेट बदलायचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.