कॉन्टेसात स्कॉर्पिओचं डिझेल इंजिन: ड्रिफ्टिंगमध्ये एक उन्हाळा, एक पावसाळा

ड्रिफ्टच्या, म्हणजे मागची चाकं घसरवत वळणातून आडवी न्यायच्या, गाडीत डिझेल इंजिन घालायचं म्हटलं की इंदुरात सांवेर रोडपासून देवास नाक्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात एकच प्रश्न येतो, "भिया, ट्रॅक्टर बनवताय का?" एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी मनसोक्त आडवी चालवून झाल्यावरचं उत्तर असं: या गाडीत सगळ्यांत कमी त्रास इंजिनानं दिला. डोकं खाल्लं ते गिअरच्या हिशेबानं, वायरिंगनं, डिझेलच्या टाकीनं आणि मागच्या अ‍ॅक्सलनं. म्हणून अनुभवही त्याच क्रमानं लिहितोय.

गाडी कॉन्टेसाच का? हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ ते २००२ या काळात बनवलेली ही गाडी व्हॉक्सहॉल व्हीएक्सच्या सांगाड्यावरची. ओढ मागच्या चाकांना, पुढे डबल विशबोन, मागे कॉइल स्प्रिंगवर सलग अ‍ॅक्सल, आणि बॉनेट एवढं लांब की उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसणारं) इंजिन निवांत बसावं. मूळचं १.८ इसुझू पेट्रोल गुणी आहे, पण नव्वदच्या आतल्या हॉर्सपॉवरवर ही जड गाडी घसरत ठेवायला सारखं क्लच मारत (दाबून, रेस वाढवून झटक्यात सोडत) राहावं लागतं.

इंजिन २००९ नंतरच्या स्कॉर्पिओचं एमहॉक: २१७९ सीसी, १२० हॉर्सपॉवर ४००० आरपीएमला, २९० न्यूटनमीटर १८०० ते २८०० आरपीएममध्ये. ते उभं बसतं आणि पाठीला स्वतःचा पाच गिअरचा बॉक्स घेऊन येतं, म्हणजे अ‍ॅडॉप्टर प्लेटची भानगडच नाही. एक्सयूव्ही ५०० मधलं १४० हॉर्सपॉवरचं एमहॉक बघून मोह होईल. घेऊ नका, ते आडवं बसतं आणि त्याचा गिअरबॉक्स पुढच्या चाकांसाठी आहे. स्कॉर्पिओही टू व्हील ड्राइव्हचीच बघा, नाहीतर ट्रान्सफर केस (चारही चाकांना ओढ वाटणारा जादा गिअरबॉक्स) गळ्यात पडेल. आणि सुटं इंजिन घेण्यापेक्षा अपघातातली अख्खी गाडी घ्या. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), पूर्ण वायरिंग, इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर पेडल, चावी, इमोबिलायझरची (चोरीरोधक यंत्रणेची) रिंग, एअर फ्लो सेन्सर, इंटरकूलर आणि डिझेल फिल्टर एकाच गाडीचे हवेत. हे तुकड्यांत जमवायला गेलं की पैसे जास्त जातात आणि इमोबिलायझर जुळत नाही तो नाहीच.

आता गिअरचा हिशेब. डिझेलचा पट्टा, म्हणजे ज्या आरपीएममध्ये इंजिन नीट जोर देतं तो, अरुंद असतो, हे सगळे म्हणतात. आकडे मांडले की ते अर्धंच खरं निघतं. १८०० ते ४००० म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. साडेतीन ते सात हजारांत खेळणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा पट्टाही दुप्पटच. फरक इतकाच की डिझेलचा पट्टा खालच्या आरपीएमला असल्यानं चाकं हळू फिरतात. २८०० ला २९० न्यूटनमीटर म्हणजे सुमारे ११४ हॉर्सपॉवर, आणि ४००० ला १२०. मधल्या बाराशे आरपीएममध्ये ताकद जवळजवळ सपाट आहे. ३८०० च्या पुढे इंजिन ओरडवून हाती काही लागत नाही, धूर मात्र वाढतो.

मागचा टायर १९५/६५ आर १५ धरला तर त्याचा घेर जवळपास २ मीटर. आमच्या गाडीत दुसऱ्या गिअरचं एकूण गुणोत्तर (गिअर गुणिले डिफ, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ओढ वाटणारा डिफरन्शियल) पावणेनऊच्या आसपास येतं. ४००० आरपीएमला चाकाचा वेग ५५ किलोमीटर, आणि तिथेच खेळ संपतो. तिसऱ्यात तेच गुणोत्तर साडेपाच: १८०० ला ३९, ४००० ला ८७. घसरताना मागची चाकं गाडीपेक्षा बरीच जोरात फिरत असतात, म्हणून गाडी चाळीस-पन्नासला असताना हा तिसराच बरोबर बसतो. स्कॉर्पिओचा मागचा अ‍ॅक्सल फुकट येतो म्हणून तोच बसवायचा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. पण तो जड आहे, आणि त्याचं गुणोत्तर जड एसयूव्ही ओढण्यासाठी ठरवलेलं आहे. कुठलाही अ‍ॅक्सल घेण्याआधी गुणोत्तर हातानं मोजा. साध्या उघड्या डिफमध्ये एक चाक घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. जो आकडा येईल तेच डिफचं गुणोत्तर. खडूची एक खूण पुरते.

इंजिन बसवताना अडतं ते चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. कॉन्टेसाच्या क्रॉसमेंबरवर ते टेकतं, त्यामुळे कापून, मागे सरकवून वेल्ड करावं लागतं आणि ऑइलची पिकअप नळीही तेवढीच लांबवावी लागते. आत आडवे पत्रे टाकाच. लांब वळणात ऑइल एका बाजूला चढतं, पिकअप हवा ओढते, आणि त्याची किंमत बेअरिंग मोजतात. काम झाल्यावर जुनी डिपस्टिक खोटी ठरते. कंपनीनं सांगितलं तेवढंच ऑइल मोजून ओता आणि नवी खूण करून घ्या. इंजिन शक्य तितकं मागे, फायरवॉलला चिकटवून ठेवा. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, टर्बो, इंटरकूलर सगळं नाकावर येतं, आणि नाक जड झालं की वळणात शिरताना गाडी सरळच जायला बघते. बॅटरी डिकीत नेल्यानं फरक जाणवतो. केबल ५० स्क्वेअर मिलिमीटरची वापरा आणि फ्यूज बॅटरीपाशी द्या, इंजिनापाशी नको.

वायरिंगला सगळ्यांत जास्त वेळ गेला. ईसीयूला क्लचचा स्विच, ब्रेकचा दुहेरी स्विच आणि गाडीच्या वेगाचा सिग्नल हवाच असतो. यातलं काही गाळलं तर इंजिन सुरू होतं, थोडं पळतं आणि मग ताकद आवळून घेतं. ब्रेकच्या स्विचची गंमत आणखी वेगळी. ड्रिफ्टमध्ये डाव्या पायानं ब्रेक धरून उजव्या पायानं रेस द्यावी लागते. दोन्ही पेडल एकदम दाबलेली दिसली की अशा ईसीयूंचं सॉफ्टवेअर रेस तोडतं, आणि गाडी ऐन वळणात ढिली पडते. वायर काढून टाकणं हा उपाय नाही, कारण मग दोन संपर्क जुळत नाहीत आणि एररचा दिवा लागतो. हे मॅपमध्येच (ईसीयूच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये) बदलून घ्यावं लागतं. मॅप करणारा डिझेल वाढवून जास्त ताकद द्यायला निघाला तर नको म्हणा. धुरानं मागचा गाडीवाला आंधळा होतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. अर्थ वायरी इंजिन, बॉडी आणि ईसीयूला वेगवेगळ्या द्या. रंग खरवडून, बोल्टनं.

टाकीचं दुखणं उशिरा कळतं. टाकी पेट्रोलची, आत पडदे पुरेसे नाहीत. पाव टाकीच्या खाली आलं की लांब वळणात डिझेल एका कोपऱ्यात जातं आणि गाडी एअर घेते. स्कॅनरवर पी००८७ दिसतो, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरांना जास्त दाबानं डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब कमी. बरेच मिस्त्री इथे थेट हायप्रेशर पंपाकडे किंवा इंजेक्टरकडे बोट दाखवतात. आधी टाकी भरून तेच वळण पुन्हा घ्या. तक्रार गेली तर पंप ठणठणीत आहे. उपाय म्हणजे दोन लिटरची छोटी सर्ज टाकी: मुख्य टाकीतून कमी दाबाचा पंप तिला सतत भरत राहतो आणि इंजिन तिच्यातून पितं. रिटर्नचं डिझेल गरम असतं, ते मुख्य टाकीतच सोडा. जुन्या टाकीतला गंज आतून साफ केल्याशिवाय कॉमन रेल जोडूच नका, कारण त्या कणांनी इंजेक्टरची वाट लागते.

अ‍ॅक्सलकडे या. कॉन्टेसाचा अ‍ॅक्सल मूळ इंजिनाच्या बेताचा, त्यावर दुपटीहून जास्त टॉर्क आणि वर दोन्ही चाकं एकदमच फिरावीत म्हणून वेल्ड केलेला डिफ. डिफमधले स्पायडर गिअर वेल्ड करताना ऑइलचा थेंब राहू देऊ नका, गिअर आधी अडीचशे अंशांपर्यंत तापवा, ई३०९एल रॉड वापरा आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड होऊ द्या. पाणी मारून थंड केलेलं वेल्ड पहिल्याच दिवशी तडकतं. पहिल्या सरावानंतर डिफचं ऑइल बदला, त्यात वेल्डिंगची खर येतेच. हाफ शाफ्टवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या पेंटची सरळ रेघ मारून ठेवा. रेघ पिळलेली दिसली की शाफ्ट मोडायच्या वाटेवर आहे, तिथेच बदला. दोन शाफ्ट कायम डिकीत असावेत.

प्रॉपेलर शाफ्ट एकच लांबीचा, साधारण तीन इंची नळीचा, बॅलन्स करून घेतला. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा (डिफमध्ये शिरणाऱ्या गिअरचा) कोन समांतर हवा. पण सलग अ‍ॅक्सलमध्ये जोर लागला की पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवायचं. हे केलं नाही तर साठच्या पुढे सीटखाली थरथर येते, आणि लोक उगाच टायर बॅलन्स करत बसतात. स्लाइडिंग योकला वीस-पंचवीस मिलिमीटर मोकळीक द्या. शाफ्टखाली लोखंडी कडं हवंच. पुढचा क्रॉस (शाफ्टचा सांधा) तुटून शाफ्ट जमिनीत रुतला तर काय होतं, हे बघायची गरज नाही.

क्लच मारण्याची सवय इथे थोडी मोडावी लागते. डिझेलचं फ्लायव्हील जड, त्यामुळे आरपीएम चटकन चढत नाहीत, पण एकदा चढले की क्लच सोडताना बसणारा दणका मोठा असतो. साधी ऑरगॅनिक प्लेट लवकर जळते. सहा बटणांची सिरॅमिक प्लेट टिकते, फक्त पार्किंगमध्ये गाडी हलवणं म्हणजे शिक्षा. इंजिनावर ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर ते काढून सलग बसवा. क्लच मारण्यापेक्षा वजन ढकलून किंवा हँडब्रेकनं घसरण सुरू करणं या इंजिनाला जास्त मानवतं, कारण टर्बो भरलेला राहतो.

मे महिन्यात इंदुरात चाळीसच्या वर पारा असतो, आणि आडव्या गाडीला समोरून वारा लागत नाही. त्यात भर म्हणजे रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर. इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखा बसायला जागा नव्हती, म्हणून बारा इंची दोन इलेक्ट्रिक पंखे, पूर्ण श्राउडसह, प्रत्येकाला वेगळा ४० अँपिअरचा रिले. श्राउड नसेल तर दोन काय, चार पंखेही कमी पडतात. पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही उकळतं, त्याला छोटा कूलर द्या. थांबण्याआधी मिनिट-दोन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवा, टर्बोच्या बेअरिंगसाठी.

स्टिअरिंगबाबत थोडक्यात: चाक जास्त वळावं म्हणून नकलचा हात (चाक वळवणारा, टाय रॉड जोडलेला दांडा) वीस-पंचवीस मिलिमीटर आखूड करतात. त्यानं स्टिअरिंग जड होतं आणि टोकाला टाय रॉड उलटून चाक तिथेच अडकण्याचा धोका असतो. स्प्रिंग काढून, सस्पेन्शन वरपासून खालपर्यंत हलवून पूर्ण लॉकवर तपासा आणि त्याच्या आधी थांबेल असा स्टॉपर वेल्ड करा. हायड्रॉलिक हँडब्रेक मागच्या ड्रमवर लावू नका. ड्रम ओढला की आणखी आवळतो आणि तापला की सुटत नाही. मागे डिस्क लागतेच.

टायर वापरलेले चालतात, रिमोल्ड नाही. तापल्यावर वरचा पट्टा सुटून ब्रेकची नळी तोडतो. पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर टायर आणि अ‍ॅक्सल दोन्ही निवांत असतात, पण १८०० ला टॉर्क एकदम येत असल्यानं पाय फार हलका ठेवावा लागतो. नव्या चालवणाऱ्याला शिकवायला मात्र तोच काळ चांगला.

ही गाडी रस्त्यावर चालत नाही, म्हणजे कायद्यानं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या रचनेपेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठणकावलं. म्हणून ने-आण ट्रेलरवर, सराव मालकाच्या लेखी परवानगीनं बंद आवारात. इंदुरातल्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर रात्री जे चालतं त्याला ड्रिफ्टिंग म्हणत नाहीत. पीथमपूरचा नॅट्रॅक्स जवळ आहे खरा, जून २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक, पण ती वाहन उद्योगाच्या चाचण्यांची जागा. दर आठवड्याच्या सरावाला ती धरून चालू नका.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. लहान आवारात दुसरा गिअर ५५ ला संपतो आणि तिसऱ्यात गाडी चाळीसच्या खाली आली की टर्बो झोपतो. डिफ बदलण्यापेक्षा स्वस्त तोड म्हणजे मागे १८५/६० आर १४ चा दुसरा सेट. घेर १.८१ मीटर, म्हणजे तिसरा ३६ ते ७९ मध्ये येतो. रिम घेण्याआधी ती मागच्या डिस्कच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे प्रत्यक्ष बसवून बघा, कारण १४ इंचांत बरेच कॅलिपर बसत नाहीत.