परतीविना मंगळप्रवास: ‘मार्स वन’च्या स्वयंसेवक योजनेचे परीक्षण

मंगळावर कायमचे राहायला जाऊ इच्छिणाऱ्या सामान्य माणसांकडून शुल्क घेऊन अर्ज मागवणारी ‘मार्स वन’ ही बहुधा पहिलीच संस्था असावी. डच अभियंते बास लान्सडॉर्प यांनी २०१२ मध्ये ही योजना जाहीर केली. २०२३ मध्ये चार माणसे मंगळावर उतरतील, ती परत येणार नाहीत आणि पुढे दर २६ महिन्यांनी आणखी चौघे त्यांना जाऊन मिळतील, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या चौघांना पोहोचवण्याचा खर्च ६ अब्ज डॉलर सांगितला गेला. ही सेवा प्रत्यक्षात कोणालाही मिळाली नाही. तरीही तिचे परीक्षण करणे मला आवश्यक वाटते, कारण मंगळावरील वसाहतीची भाषा आज पूर्वीपेक्षा अधिक कानावर पडते आणि असे आवाहन पुन्हा झाले तर त्याला प्रतिसाद देणाऱ्यांची कमतरता भासणार नाही.

परतीचा प्रवास वगळण्यामागील विचार तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता. मंगळावरून पुन्हा उड्डाण करायचे तर तेवढे इंधन पृथ्वीवरून न्यावे लागते किंवा तेथेच तयार करावे लागते, आणि चढाईसाठी वेगळे यान वर्षानुवर्षे सुस्थितीत ठेवावे लागते. हा सर्व भार टाळला की मोहीम पुष्कळ सोपी होते. मात्र तिची जबाबदारी त्याच मापाने हलकी होत नाही. जाऊन येण्याच्या मोहिमेत माणसे घरी परतली की आयोजकाचे बांधील राहणे संपते. परतीविना मोहिमेत ते शेवटचा रहिवासी जिवंत असेपर्यंत चालू राहते. म्हणून अशा सेवेचे मोल ठरवताना अग्निबाण किंवा निवाऱ्याच्या चित्रांपेक्षा एकच गोष्ट आधी तपासली पाहिजे: जो आपल्याला तेथे नेऊन ठेवणार आहे, तो चाळीस वर्षांनंतरही सामान पाठवू शकेल का?

या कसोटीवर योजना कोठे ढासळते, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. त्यांनी संस्थेने जाहीर केलेला आराखडा गृहीत धरून वसाहतीचे गणिती प्रारूप चालवून पाहिले. सर्व अन्न निवाऱ्यातच पिकवायचे तर आराखड्यातील ५० चौरस मीटर लागवड चौघांना पुरत नव्हती. सुमारे २०० चौरस मीटर लागत होती. एवढी पिके माणसांच्याच हवेत वाढवली की प्राणवायूचे प्रमाण इतके वाढते की आगीचा धोका निर्माण होतो. तो जास्तीचा प्राणवायू तेवढाच वेगळा काढणारे, अवकाशात वापरून सिद्ध झालेले साधन उपलब्ध नसल्याने हवाच बाहेर सोडावी लागते. तिच्याबरोबर नायट्रोजनही जातो, त्याचा साठा संपतो, निवाऱ्यातील दाब उतरतो, आणि प्रारूपानुसार सुमारे ६८व्या दिवशी पहिला रहिवासी गुदमरून मरण पावतो. लान्सडॉर्प यांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे पृथ्वीवर वापरात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण पृथ्वीवर बिघडलेल्या यंत्राचा भाग बदलून आणता येतो. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते आणि वाटेतच सहा-सात महिने जातात.

त्याच अभ्यासातील सुट्या भागांविषयीचा निष्कर्ष वर्तमानपत्रांतील मथळ्यांत फारसा आला नाही. माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. वसाहत जसजशी वाढते, तसतशी यंत्रांची संख्या वाढते आणि पृथ्वीवरून येणाऱ्या सामानात सुट्या भागांचा वाटा फुगत जातो. काही वर्षांत तो निम्म्याहून अधिक होतो. म्हणजे ज्या योजनेत लोकसंख्या दर दोन वर्षांनी वाढवायची होती, तिचा खर्च पहिल्या चौघांवर संपणारा नव्हता, उलट प्रत्येक नव्या चौघांबरोबर चढत जाणारा होता. जाहीर केलेल्या ६ अब्जांत हा चढता खर्च धरलेला नव्हता.

इतर अडचणी थोडक्यात सांगता येतील. मंगळाचे वातावरण केवळ हवाई छत्रीने यान थोपवता येणार नाही इतके विरळ आहे. तेथे आजवर सुखरूप उतरवलेले सर्वांत जड वाहन म्हणजे नासाचे ‘पर्सिव्हिअरन्स’, आणि त्याचे वस्तुमान सुमारे १,०२५ किलो आहे. माणसांच्या निवाऱ्यासाठी याच्या कितीतरी पट भार उतरवावा लागेल. याच वाहनावरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. प्रयोग म्हणून ते मोठे यश आहे, परंतु एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो.

अर्जदाराला प्रत्यक्ष मिळालेल्या वागणुकीचा विचार करता, आरंभ आशादायक होता हे मान्य केले पाहिजे. वय १८ पूर्ण असलेल्या, कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येत होता, आणि शुल्क देशागणिक वेगवेगळे होते; अमेरिकेतील अर्जदारासाठी ते ३८ डॉलर होते. अवकाशाची दारे वैमानिक आणि शास्त्रज्ञ यांच्यापलीकडे उघडण्याचा तो प्रामाणिक भासणारा प्रयत्न अनेकांच्या मनाला भिडला, आणि त्या अर्जदारांना उतावळे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मात्र संस्थेने अर्जदारांचा आकडा दोन लाखांच्या वर सांगितला, तर शुल्क भरून अर्ज पूर्ण करणारे काही हजारच होते. डिसेंबर २०१३ मध्ये १,०५८ आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ५० स्त्रिया व ५० पुरुष असे १०० जण निवडले गेले. वैद्यकीय तपासणी उमेदवाराने आपल्याच डॉक्टरकडून करून घ्यायची होती, आणि मुलाखत इंटरनेटवरून, अवघ्या काही मिनिटांची होत असे. शेवटच्या शंभरांपैकी एका आयरिश उमेदवाराने ही प्रक्रिया जाहीरपणे सदोष ठरवली. जन्मभर चौघांनी एका बंदिस्त निवाऱ्यात राहायचे असताना, त्या चौघांना एकत्र कोंडून न पाहताच शंभरांपर्यंत गाळणी लावणे मला अक्षम्य वाटते.

खर्चाचा मोठा भाग दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आणि जाहिरातींतून उभा राहील, असे गृहीत होते. ‘एन्डेमॉल’ या निर्मितीसंस्थेशी झालेली बोलणी २०१५ पर्यंत मोडली. पहिल्या अवतरणाचे वर्ष २०२३ वरून २०२५, मग २०२७ आणि पुढे २०३० नंतरपर्यंत ढकलले गेले. अखेर १५ जानेवारी २०१९ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील न्यायालयाने संस्थेची व्यावसायिक कंपनी ‘मार्स वन व्हेंचर्स’ दिवाळखोर घोषित केली. पहिली घोषणा होऊन तेव्हा सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ठरल्याप्रमाणे माणसे गेली असती आणि मग हीच दिवाळखोरी आली असती, तर पुढचे सामान कोणी पाठवले असते? १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी संस्थांच्या अवकाशातील कार्याची जबाबदारीही संबंधित राष्ट्रावर येते, परंतु दूर राहणाऱ्या काही माणसांना जन्मभर अन्न आणि हवा पुरवण्याचे बंधन त्या कराराने कोणावरही स्पष्टपणे घातलेले नाही.

या सेवेला मी पाचपैकी एक गुण देतो, आणि तो निवडीची दारे सर्वांना खुली ठेवल्याबद्दल आहे. ज्यांची ओढ खरी आहे त्यांनी आज पृथ्वीवरच मंगळवासाची तालीम घेणाऱ्या नासाच्या ‘चापिया’सारख्या उपक्रमाकडे पाहावे, त्याच्या नागरिकत्व आणि शिक्षणाच्या अटी मात्र कडक आहेत. त्याच्या पहिल्या तुकडीतील चौघे जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस ह्यूस्टन येथील बंद निवाऱ्यात मंगळवासीयांप्रमाणे राहिले. परतीविना मोहिमेचे आवाहन पुढे कोणीही केले, तर स्वाक्षरी करण्यापूर्वी स्वयंसेवकाने आयोजकाकडून आजन्म पुरवठ्याचा निधी मोडता न येणाऱ्या स्वरूपात बाजूला ठेवल्याचा पुरावा मागावा, आणि आयोजक बुडाल्यास पुरवठा चालू ठेवण्याची एखाद्या राष्ट्राची लेखी हमी मागावी. ही दोन कागदपत्रे हाती येईपर्यंत अर्जशुल्कसुद्धा भरू नये.