दंडाच्या नोंदींतून उभी राहिलेली घराणी : पॉल हाइनेग यांच्या वंशावळ-संकलनाचे परीक्षण

वसाहतकालीन अमेरिकेतील स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या), मिश्रवंशीय कुटुंबांचा माग काढणाऱ्या अभ्यासकाची गाठ आज ना उद्या पॉल हाइनेग यांच्या 'फ्री आफ्रिकन अमेरिकन्स ऑफ नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया अँड साउथ कॅरोलिना' या संकलनाशी पडतेच. 2021 मध्ये निघालेली त्याची सहावी आवृत्ती तीन खंडांची असून तीत सतराव्या शतकापासून साधारण 1820 पर्यंतच्या शेकडो घराण्यांच्या पिढ्या आडनावांनुसार मांडलेल्या आहेत. मेरीलँड आणि डेलावेअर या प्रांतांसाठी त्याच लेखकाचा स्वतंत्र ग्रंथ आहे. इरा बर्लिन यांच्यासारख्या गुलामगिरीच्या मान्यवर इतिहासकाराने या कामाला प्रस्तावना लिहिली आणि अमेरिकेतील वंशावळ-शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याला डोनाल्ड लाइन्स जेकोबस पुरस्कार दिला. मात्र हे संकलन ज्या कारणासाठी जवळ बाळगावे असे मला मनापासून वाटते, ते कारण या मानसन्मानात नाही. लेखकाने शिक्षेसाठी लिहिलेल्या कागदांतून कुटुंबे शोधून काढली आहेत आणि त्या कुटुंबांच्या मुळाशी कोण होते याबद्दलचा एक रूढ समज पुराव्यानिशी खोडून काढला आहे.

तो समज असा, की मिश्रवंशीय स्वतंत्र माणूस म्हणजे गोरा मालक आणि त्याची गुलाम स्त्री यांची, पुढे मालकाने मुक्त केलेली संतती. एकोणिसाव्या शतकातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु वसाहतकाळातील व्हर्जिनियात 1662 च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावर ठरवला, त्यामुळे गुलाम स्त्रीच्या पोटी आलेले मूल, बाप कोणीही असो, गुलामच ठरत असे. 1723 नंतर तर गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाने एखादी विशेष कामगिरी मान्य केल्याशिवाय मालकाला आपला गुलाम मुक्तही करता येत नव्हता आणि हे बंधन 1782 पर्यंत टिकले. मग अमेरिकन क्रांतीच्या आधीच ठिकठिकाणी दिसणारी ही स्वतंत्र कुटुंबे आली कोठून? हाइनेग यांचे उत्तर असे आहे, की त्यांतील बहुसंख्य घराणी इंग्लंड-आयर्लंडहून ठरावीक वर्षांच्या सेवेच्या करारावर आलेल्या गोऱ्या नोकर स्त्रिया आणि आफ्रिकन वंशाचे पुरुष यांच्या संबंधांतून निघाली. गोरे गुलाममालक आणि त्यांच्या गुलाम स्त्रिया यांच्यापासून निघालेली घराणी त्यांच्या अंदाजाने जेमतेम एक टक्का असावीत. हे विधान प्रस्तावनेत वाचताना धाडसी वाटते, पण पुढची शेकडो पाने एकेक घराणे समोर ठेवून ते पेलून धरतात.

या स्त्रियांची नावे टिकली ती कायद्याच्या कठोरपणामुळे. व्हर्जिनियाच्या 1691 च्या कायद्यानुसार कृष्णवर्णीय किंवा मिश्रवंशीय पुरुषापासून विवाहबाह्य मूल झालेल्या गोऱ्या स्त्रीने महिन्याभरात 15 पौंड दंड भरायचा होता आणि तो न भरल्यास तिची पाच वर्षांची सेवा विकली जात असे. ती आधीच कोणाकडे करारावर असली, तर ही पाच वर्षे मूळ मुदत संपल्यावर सुरू होत. दंडाचा एक वाटा राजाला, एक पॅरिशला (चर्चच्या स्थानिक विभागाला) आणि एक खबर देणाऱ्याला मिळायचा होता, तेव्हा अशी प्रकरणे कोर्टापुढे आणण्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे. मुलाला चर्चवॉर्डन, म्हणजे पॅरिशचे कारभारी, तीस वर्षांचे होईपर्यंत सेवेत बांधून देत आणि 1705 मध्ये ही मर्यादा एकतीस झाली. 1723 च्या कायद्याने पुढची पायरी गाठली. अशा बांधलेल्या मिश्रवंशीय स्त्रीला सेवेच्या काळात मूल झाले, तर तेही आईच्याच मालकाकडे तितक्याच वयापर्यंत बांधले जाऊ लागले. एकतीस वर्षांच्या सेवेत बहुतेक स्त्रियांची मुले होऊन जात, म्हणजे कागदावर स्वतंत्र जन्मलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात घालवत. 1765 मध्ये ही मर्यादा मुलग्यांसाठी 21 आणि मुलींसाठी 18 वर्षांवर आली. हा कायद्यांचा क्रम डोक्यात पक्का नसेल, तर संकलनातील नोंदी नुसती नावे आणि तारखा वाटतील, आणि तो पक्का असेल, तर 'मेरी हिचे मूल एकतीस वर्षांपर्यंत बांधले' अशा धाटणीच्या एका ओळीतून आई कोण, तिचा दर्जा काय आणि मूल साधारण कधीचे, हे सारे हाती लागते.

आडनावांचे कोडेही येथेच सुटते. अविवाहित आईच्या मुलाला आईचे आडनाव लागत असे, म्हणून या घराण्यांचे आडनाव पुष्कळदा मूळ पुरुषाचे नसून मूळ स्त्रीचे असते. गुलाम माणसाला मालकाचे आडनाव मिळाले असेल, असे गृहीत धरून मालकाच्या कागदपत्रांत वर्षे घालवणाऱ्या संशोधकाला एवढी एकच गोष्ट योग्य दारापाशी आणून सोडते.

नोंदींची मांडणी कशी आहे हे ड्रिगस घराण्याच्या उदाहरणावरून नीट कळेल. हे घराणे गोऱ्या नोकर स्त्रीपासून निघालेल्यांपैकी नव्हे, त्याहून जुन्या पहिल्या पिढीतले आहे. व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्थॅम्प्टन काउंटीत 1632 पासूनच्या कोर्टाच्या नोंदी अखंड उपलब्ध आहेत आणि इंग्रजी अमेरिकेत इतका जुना अखंड सिलसिला दुसरीकडे नाही. इमॅन्युएल ड्रिगस तेथे फ्रान्सिस पॉट याच्याकडे गुलाम होता. त्याचे आडनाव बहुधा पोर्तुगीज 'रॉड्रिग्ज'वरून आलेले आहे. 1645 मध्ये त्याने एलिझाबेथ आणि जेन या दोन सांभाळलेल्या मुलींच्या सेवेचा मुदतीचा करार पॉटशी लेखी करून घेतला, म्हणजे त्या मुली करारबद्ध राहिल्या, गुलाम झाल्या नाहीत. पुढे 1652 मध्ये त्याने जेनची उरलेली मुदत विकत घेऊन तिला मोकळे केले. आणि काही वर्षांतच त्याच पॉटने इमॅन्युएलची पोटची मुले गुलाम म्हणून विकली. एकाच घरात वाढलेल्या मुलांपैकी सांभाळलेली स्वतंत्र आणि पोटची गुलाम, हा भेद एका कागदाने केला. हाइनेग या गोष्टी कोणतेही भाष्य न करता तारीखवार मांडतात. प्रत्येक विधानापुढे कंसात कोर्टाच्या वहीचे नाव, वर्ष आणि पान असते. त्यानंतर मुले रोमन अंकांनी येतात आणि ज्या मुलाची शाखा पुढे चालते त्याला क्रमांक मिळतो. सुरुवातीला ही मांडणी रुक्ष वाटेल, पण मला हा संयम या कामाचा मोठा गुण वाटतो, कारण पुरावा काय आणि लेखकाचे मत काय हे कुठेही एकमेकांत मिसळत नाही.

करयाद्यांचा वापर हा संकलनाचा सर्वांत सरस भाग आहे. व्हर्जिनियात सोळा वर्षांवरील पुरुष करपात्र होते, पण गोऱ्या स्त्रियांना हा डोईकर नव्हता आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना 1668 पासून तो द्यावा लागत होता. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनानेही 1723 मध्ये असा कर बसवला, पण तेथे तो अशा माणसाशी लग्न केलेल्या गोऱ्या जोडीदारालाही लागू होता. त्यामुळे व्हर्जिनियात एखाद्या मिश्रवंशीय माणसाच्या घरात किती करपात्र डोकी मोजली आहेत, यावरून त्याच्या बायकोच्या वर्णाचा अंदाज बांधता येतो. विवाहित पुरुष वर्षानुवर्षे एकटाच मोजला गेला असेल, तर बायको गोरी असण्याची शक्यता मोठी. दोघे मोजले गेले असतील, तर ती गोरी नव्हे. नॉर्थ कॅरोलिनातील ग्रॅनव्हिल काउंटीच्या याद्यांत काही कुटुंबप्रमुखांनी बायकोचे नाव द्यायला नकार दिल्याचीही नोंद सापडते, आणि अशा नकारामुळेच त्या बाईचे अस्तित्व पुढच्या पिढ्यांना कळते. व्हर्जिनियाने हा स्त्रियांवरील कर 1769 मध्ये काढून टाकला, तेव्हा त्यानंतरच्या याद्यांना हा निकष लावू नये. एखाद्या स्त्रीला म्हातारपण किंवा गरिबीमुळे कोर्टाने सूट दिलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

घराण्यांचे स्थलांतर आणि त्याबरोबर कागदावरचा बदलणारा वर्ण यांचा पाठपुरावा हाइनेग चिकाटीने करतात. गिब्सन घराण्याची नोंद त्यासाठी अवश्य वाचावी. 1731 मध्ये गिडियन गिब्सन नावाचा सुतार गोरी बायको आणि मुलांसह साउथ कॅरोलिनात येऊन राहिला, तेव्हा तेथील विधिमंडळात खळबळ उडाली आणि गव्हर्नर रॉबर्ट जॉन्सन यांनी त्याला समक्ष बोलावून चौकशी केली. त्याचा बापही स्वतंत्र होता, कुटुंबाकडे मालमत्ता होती आणि ते स्वतः गुलाम बाळगून होते, हे पाहून गव्हर्नरांनी त्यांना राहू दिले. पुढच्या पिढ्या गोऱ्यांत गणल्या गेल्या आणि त्याच वंशातील रँडल ली गिब्सन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला सेनानी आणि नंतर लुइझियानाचा सिनेटर झाला. जनगणनेतील एका दशकाच्या वर्णावरून पूर्वज ठरवणारे या एका घराण्यापाशीच तोंडघशी पडतील.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्या किरकोळ नाहीत. पहिली उणीव शीर्षकापासून सुरू होते. संकलनातील सर्व घराण्यांना आफ्रिकन वंशाच्या चौकटीत बसवले आहे, परंतु व्हर्जिनियाच्या 1705 च्या कायद्याने 'मुलाटो' (मिश्रवंशीय) या संज्ञेत आफ्रिकन माणसाचे मूल, नातवंड आणि पणतवंड यांच्याबरोबर अमेरिकन इंडियन, म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवासी, माणसाच्या मुलालाही धरले होते. म्हणजे कारकुनाने 'मुलाटो' लिहिले एवढ्यावरून मूळ आफ्रिकन होते असे ठामपणे म्हणता येत नाही. हाइनेग इंडियन मुळाची काही घराणी तशी नोंदवतात, पण जेथे पुरावा दुभंगलेला आहे तेथे त्यांचा कल आफ्रिकन मुळाकडे झुकतो, आणि स्वतःला इंडियन जमातींचे वंशज मानणाऱ्या कुटुंबांशी त्यांचा मतभेद यातूनच येतो. त्यांनी कौटुंबिक दंतकथांची भीड ठेवली नाही हे मला पटते. तरीही अशा ठिकाणी दोन्ही शक्यता सारख्याच मोकळेपणाने मांडल्या असत्या, तर संकलनाचे वजन वाढलेच असते.

दुसरी गोष्ट वाचकांच्या सवयीची आहे, पण तिची मुळे मांडणीत आहेत. दोन पिढ्यांमधला दुवा जेथे फक्त आडनाव, परिसर आणि मुलांची ठेवलेली नावे यांवर उभा आहे, तेथे लेखक 'बहुधा' किंवा 'कदाचित' असे प्रामाणिकपणे लिहितो. मात्र तो शब्द ठाम दुव्यांच्याच क्रमांकांच्या ओळीत बसतो, दिसायलाही वेगळा नसतो, आणि नक्कल करणारे तो सरळ गाळतात. तयार वंशवृक्षांत फिरणाऱ्या कितीतरी चुका अशाच जन्मतात. संशयित दुवे वेगळ्या टाइपात छापायला हवे होते.

आणखी एक अडचण आहे, तिला लेखकाचा इलाज नाही. व्हर्जिनियातील अनेक काउंट्यांच्या वह्या आगींत गेल्या आणि यादवी युद्धात सुरक्षेसाठी राजधानी रिचमंडला हलवलेली काही दप्तरे एप्रिल 1865 मध्ये शहराबरोबर जळाली. व्हर्जिनियाच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेच्या याद्याही, थोडे अपवाद सोडता, उरलेल्या नाहीत. म्हणून नॉर्थॅम्प्टनसारख्या जपलेल्या काउंटीतील घराणी संकलनात भरघोस दिसतात आणि जळालेल्या काउंटीतील घराणी शेजारच्या दप्तरांत अचानक उगवल्यासारखी वाटतात. संख्येवरून कुठे किती स्वतंत्र कुटुंबे होती याचा निष्कर्ष काढण्याचा मोह त्यामुळे टाळावा.

हे संकलन पहिल्या दिवशी उघडू नये, असा माझा सल्ला आहे. आधी 1850 च्या जनगणनेपासून मागे यावे, कारण प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि वर्ण देणारी ती पहिली जनगणना होय. 1790 ते 1840 पर्यंतच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव मिळते आणि 1790 मध्ये अशी कुटुंबे 'इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती' या रकान्यात सापडतात. व्हर्जिनियात 1793 पासून स्वतंत्र कृष्णवर्णीयांची नोंदवही ठेवणे काउंटी कोर्टांना बंधनकारक झाले. तीत उंची, रंग, अंगावरचे व्रण आणि कित्येकदा 'जन्मतः स्वतंत्र' की 'अमक्याने मुक्त केलेला' हेही लिहिलेले असते. 'जन्मतः स्वतंत्र' हा शेरा मिळाला, की हाइनेग यांच्या खंडांकडे वळण्याची वेळ आली असे समजावे. तेथे आडनाव सापडले तरी कंसातल्या संदर्भाचे मूळ पान, निदान मायक्रोफिल्मवर, स्वतः पाहिल्याशिवाय ते वंशावळीत घालू नये. लेखकाने प्रत्येक संदर्भ इतका नेमका दिला आहे, की न पाहण्याला सबब उरत नाही.

ज्याचे पूर्वज चेसापीक उपसागराच्या काठचे आहेत त्याने मेरीलँड-डेलावेअरचा ग्रंथही बरोबर घ्यावा. व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावरची कुटुंबे 1660 च्या दशकापासून सीमा ओलांडून मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत गेली. गुलामगिरीतून स्वतंत्र झालेल्या अँथनी जॉन्सन या आफ्रिकन माणसाचे कुटुंब त्यांतलेच, आणि त्याच्या नातवाने 1677 मध्ये तेथील आपल्या जमिनीला 'अंगोला' असे नाव दिले. मेरीलँडचा कायदाही वेगळा होता. 1664 च्या कायद्याने गुलामाशी लग्न करणाऱ्या गोऱ्या स्त्रीला नवऱ्याच्या हयातीत त्याच्या मालकाची सेवा करावी लागे आणि त्यांची मुले गुलाम ठरत. 1681 मध्ये आयरिश नेल बटलर हिने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केले. तिच्या वंशजांनी केलेला स्वातंत्र्याचा दावा 1770 मध्ये जिंकला गेला, 1771 च्या अपिलात हरला आणि पुढच्या पिढीतील मेरी बटलर हिने 1787 मध्ये तो अखेर जिंकला. त्या खटल्यांत म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी नेलच्या लग्नाबद्दल ऐकलेल्या गोष्टी शपथेवर सांगितल्या, आणि कुठल्याही पॅरिशच्या वहीत न सापडणारी आजी, आई आणि लेक यांची साखळी त्या जबान्यांत नावानिशी उतरली आहे. हा ग्रंथ मुख्य संचाच्या मानाने आटोपशीर आहे आणि लेखकाने दोन्हींतला मजकूर विनामूल्य वाचनासाठीही खुला केला आहे. तेव्हा छापील खंड विकत घेण्याआधी आपले आडनाव कोणत्या संचात येते, हे पाहून घेणे सहज शक्य आहे.