सांगवी फाटा ते किवळे: बीआरटीच्या थांब्यांचा अनुभव

पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी फाट्यापासून रक्षक चौक, काळेवाडी फाटा, डांगे चौक करत किवळ्यापर्यंत जाणाऱ्या बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या, मार्गावरून नेहमी प्रवास करताना माझे मत असे झाले आहे की, २०१५ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे बरेवाईट बसगाड्यांपेक्षा थांब्यांच्या जागांवर अधिक ठरते.

थांबे रस्त्याच्या मधोमध बांधण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. कडेच्या थांब्याला लागण्यासाठी बसला उभ्या रिक्षा, दुचाक्या आणि डावीकडे वळणारी वाहने चुकवत आत शिरावे लागते व पुन्हा तितक्याच कष्टाने बाहेर पडावे लागते. येथे मात्र बस आपल्या मार्गिकेतच थांबते. फलाट बसच्या मजल्याच्या उंचीला असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. अर्थात, चालकाने बस फलाटाला नीट भिडवून लावली नाही, तर मधली फट ओलांडताना लहान मुलाचा हात घट्ट धरावाच लागतो.

मधोमध थांबा म्हणजे येताना आणि जाताना अर्धा रस्ता ओलांडणे आलेच. त्यामुळे थांबा कोठे आहे याइतकेच त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हे महत्त्वाचे ठरते. चौकाजवळच्या थांब्यांना सिग्नलचा आधार मिळतो. दोन चौकांच्या मधल्या थांब्यांवर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे असले, तरी वेगाने येणारी मोटार थांबेलच असे गृहीत धरता येत नाही. चौकातही थांबा सिग्नलच्या अलीकडे की पलीकडे, यावर पुष्कळ अवलंबून असते. अलीकडे असल्यास प्रवासी चढेपर्यंत हिरवा दिवा निघून जातो आणि भरलेली बस पुन्हा लाल दिव्यासाठी उभी राहते. पलीकडे असल्यास हा दुहेरी खोळंबा टळतो. नवे थांबे शक्यतो पलीकडेच असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पट्ट्यात नव्या गृहसंकुलांची भर पडत असल्यामुळे प्रत्येक कमानीसमोर थांबा हवा, अशी मागणी होणे स्वाभाविक आहे. तथापि दर दोनतीनशे मीटरवर थांबणारी बस दूरच्या प्रवाशाच्या काही उपयोगाची राहत नाही. पाचेकशे मीटर चालण्याची बहुतेकांची तयारी असते, फक्त तेवढा पदपथ सलग हवा. आमच्या भागातल्या आतील रस्त्यावर कडेला एक नवी शेड उभी राहिली, पण तिच्या एका बाजूला विजेचा डीपी आणि दुसऱ्या बाजूला उघडे गटार असल्याने लोक पावसातही पुढे किराणा दुकानाच्या छपराखाली उभे राहतात आणि चालकही बस तेथेच थांबवतात. जागा निवडणाऱ्याने एक सकाळ तेथे उभे राहून पाहिले असते, तर शेड दुकानाजवळच बांधली गेली असती.

हिंजवडीकडे जाणाऱ्यांनी डांगे चौकात बस बदलताना रस्ता ओलांडून दुसऱ्या थांब्यापर्यंत चालण्याचा वेळ हाताशी ठेवावा. सामान बरोबर असेल, तर ही अदलाबदल त्रासदायक वाटते. एरवी औंध ते रावेत या प्रवासासाठी मी स्वतःच्या वाहनापेक्षा हीच सेवा पसंत करतो.