एनेलूपचे पेन्सिल सेल: खाडीत कयाक चालवणाऱ्याच्या नजरेतून

मालवणजवळ देवबागच्या संगमापाशी कर्ली नदीचं पाणी ओहोटीला जोरात समुद्राकडे ओढतं. तिथे कयाक हलत असताना, ओल्या बोटांनी जीपीएसचं मागचं झाकण उघडून सेल बदलणं म्हणजे वैताग. म्हणून माझी पहिली अट: सेल पूर्ण फेरी टिकला पाहिजे.

माझ्याकडे गार्मिनचं जुनं ईट्रेक्स ३० जीपीएस आहे, दोन एए (म्हणजे पेन्सिल) सेलवर चालणारं. त्यात आता मी पॅनासॉनिकचे पुन्हा भरता येणारे पांढरे एनेलूपच घालतो. क्षमता, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते ते, किमान १९०० एमएएच. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण भरून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि पावसाळा संपल्यावर काढले तरी बऱ्यापैकी भरलेले असतात. साधे रिचार्जेबल तोवर बसलेले असायचे.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. या सेलचा व्होल्टेज १.२, अल्कलाइनचा (न भरता येणाऱ्या साध्या सेलचा) १.५. त्यामुळे जीपीएसच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार ‘एनआयएमएच’ (निकेल-मेटल हायड्राइड, एनेलूप याच जातीचे) निवडला नाही, तर भरलेला सेलही अर्धा दिसतो. शिवाय अल्कलाइन हळूहळू उतरतो, हा शेवटपर्यंत तग धरतो आणि मग एकदम मान टाकतो. बॅटरीची खूण लाल व्हायची वाट बघू नका, निघतानाच भरलेली जोडी घाला.

हेडलॅम्पसाठी मात्र न भरता येणारे लिथियम एए. महाग आहेत, एकदा संपले की फेकायचे. पण वर्षानुवर्षं पडून राहिले तरी उतरत नाहीत आणि अंधार पडल्यावर मला तेवढंच हवं असतं. उणे ४० अंशांतही चालतात म्हणे. मालवणात त्याचं काय लोणचं घालायचं? वजनाचंही तसंच. लिथियम सेल साधारण १५ ग्रॅमचा, एनेलूप २७ च्या आसपास. पाठीवर ओझं वाहणाऱ्या ट्रेकरने हिशेब करावा, आपलं ओझं पाणी उचलतं.

पॉवर बँक नेतो, पण पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगेत, फक्त फोनसाठी आणि किनाऱ्यावर उतरल्यावरच. खारं पाणी शिरलेल्या यूएसबी पोर्टला चार्जिंग लावलं की आतल्या पिना हिरव्या पडतात. जीपीएसच्या स्प्रिंगचंही तेच. परत आल्यावर सेल काढून ठेवा, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने खाच पुसा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या.

चार्जर घेताना प्रत्येक सेल वेगळा भरणारा घ्या. जोडीनेच भरणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक सेल जास्त भरतो, दुसरा उपाशी राहतो.

एनेलूपचेच काळे ‘प्रो’ घ्यावेत का? क्षमता २५०० च्या घरात, पण कंपनीच्याच दाव्यानुसार ते ५०० वेळा भरता येतात, पांढरे २१००. तेवढ्या पैशांत पांढऱ्यांची जादा जोडी घ्या. पांढऱ्यांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण किमतीमुळे कापला.