‘द ब्लू कॅसल’ : आठ महिने वापरून झाल्यावर

पुस्तक ‘वापरलं’ असं म्हणतात का, कोण जाणे. पण मे महिन्यात मागवलेली ही प्रत मी आठ महिन्यांत तीनदा वाचली, एका मैत्रिणीला उसनी दिली, एकदा कूलरखाली भिजवली आणि दोनदा सेलोटेपने सांधली. एवढ्यावर दोन शब्द लिहायला हरकत नसावी.

आधी प्रतीबद्दल, कारण खरी तक्रार तिथेच आहे. लेखिका एल. एम. माँटगोमेरी १९४२ साली वारल्या. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांची ही १९२६ची कादंबरी आता कोणीही छापू शकतं, आणि कोणीही छापतंच. माझी प्रत दोनशेच्या आतली. कागद झिरझिरीत, अक्षर मुंगीएवढं. संवादांची अवतरणचिन्हं मधूनच गायब, मग नेमकं कोण बोलून राहिलं ते कळायला दोन ओळी मागे जायचं. नागपूरच्या ४५ डिग्रीत बाइंडिंगचा डिंक दुसऱ्याच आठवड्यात सुटला आणि सुरुवातीची पानं गठ्ठ्याने हातात आली. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील, पण बरी आवृत्ती घ्या.

आता आतला मजकूर. कादंबरीची सुरुवात मे महिन्यातल्या पावसाळी सकाळी होते. खिडकीला ओला खस लावून, दुपारी एकला पडदे ओढून हे वाचताना मला आधी त्या पावसाचाच हेवा वाटला. व्हॅलन्सी स्टर्लिंग त्या दिवशी २९ वर्षांची होते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधलं गाव, लग्न झालेलं नाही, घरात आई आणि एक चुलत नातलग बाई, आणि अख्खं खानदान तिला ‘डॉस’ म्हणतं. हे नाव तिला मुळीच आवडत नाही, पण तसं सांगायची छाती नाही. छातीत दुखतं म्हणून ती चोरून एका डॉक्टरकडे जाते, कारण घरात कळलं तर सगळ्या काका-आत्यांची बैठक बसेल. डॉक्टरांचं पत्र येतं : फार तर एक वर्ष. त्या पत्राचं पुढे काय होतं ते सांगत नाही, मजा जाईल. पण ते वाचून बाईची भीतीच उडते. आता कोणाला घाबरायचं आणि किती दिवसांसाठी?

मरणाची चिठ्ठी असलेलं पुस्तक हलकंफुलकं कसं, असं मैत्रिणीने विचारलं होतं. तिला मी काका-काकूंच्या लग्नाच्या पंचविशीचं जेवण वाचायला दिलं. किराणा दुकानवाले बेंजामिनकाका वर्षानुवर्षं तीच ती कोडी घालतात, बहुतेक लग्न न झालेल्या बायकांवरची, आणि सगळे इमानेइतबारे हसतात. त्या दिवशी व्हॅलन्सी हसत नाही. हे कोडं तुम्ही निदान पन्नासदा घातलंय, आता नवीन शोधा, असं ती शांतपणे सांगते. ना भाषण, ना आदळआपट. टेबलावरचे लोक मात्र पोरीचं डोकं फिरलं या निष्कर्षाला येतात. दुसऱ्या वाचनात हे प्रकरण मी मेट्रोत वाचत होते. सीताबर्डीला लाइन बदलायची असते, ते स्टेशन निघून गेलं आणि मी एकटीच हसत पुढे कस्तुरचंद पार्कला पोचले.

यातलं थोडं माझ्या कामीही आलं. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला तीस-पस्तीस पानं बसतात. आंबील वाढली जात असतानाच मोठे काका दरवर्षी विचारतात, ‘काय मग, यंदा तरी बुंदीचे लाडू देऊन राहिली का?’ यंदा मी हसले नाही. उलट काही बोललेही नाही, तेवढी व्हॅलन्सी मी नव्हे. फक्त काकांकडे बघितलं आणि पुरणपोळीवर तूप घेतलं. दोन सेकंद कोणाच्या वाटीचा आवाज नाही. मग काकूच म्हणाली, ‘काहून वं, बरं नाही का तुला?’ नंतर भांडी घासताना चुलतबहीण कोपर मारून म्हणाली, बरं केलंस.

दुसरा अर्धा भाग प्रेमाचा. गावाने बदनाम ठरवलेल्या बार्नी स्नेथला व्हॅलन्सी स्वतःच लग्नाचं विचारते, तेही १९२६च्या पुस्तकात, आणि विचारते अगदी भाजीचा भाव विचारावा तशी. तळ्यातलं बेट, दोन मांजरं, खडखडणारी जुनी गाडी, सगळं गोड आहे. पण जंगलाची वर्णनं फार लांबतात. तिसऱ्या खेपेला मी ती सरळ उलटली. शेवटाकडे योगायोग इतके एकावर एक येतात की लेखिकेला गाडी पकडायची घाई झाली होती की काय, असं वाटतं. व्हॅलन्सी घर सोडून जिची शुश्रूषा करायला जाते त्या आजारी सिसीचं प्रकरणही जरा जास्तच ओलं आहे, आणि तिच्या दारुड्या बापाला लेखिकेने विनोदावर सोडून दिलंय, ते मला पटलं नाही. इंग्रजी तशी सोपी. अडतं ते फक्त तिकडच्या झाडाफुलांच्या नावांशी.

ज्यांना नायिका पहिल्या पानापासून तडफदार लागते त्यांनी या वाटेला जाऊ नये. मैत्रिणीने ४० पानांवर परत दिलं, ‘किती रडते ही’ म्हणून. तिचंही चूक नाही, पत्र येईपर्यंत व्हॅलन्सी खरंच कंटाळा आणते. पाचपैकी चार तारे. छपाईला वेगळे द्यायचे असते तर एकच.

आई इंग्रजी वाचायला कंटाळते, म्हणून हल्ली रात्री जेवण झाल्यावर मी तिला एकेक प्रकरण मराठीत सांगते. कोड्यांमधले इंग्रजी शब्दखेळ मराठीत उतरत नाहीत, तिथे मी आपल्याकडची म्हातारी कोडी घालते. पंचविशीचं जेवण सांगून झालं तेव्हा ती बराच वेळ सुपारी कातरत बसली.

‘हे बेंजामिन म्हणजे आपले मोठे भाऊजीच की,’ ती म्हणाली. ‘उद्या पुढचं सांग.’